रिपीटदादा होडीने का येतो?

पुलाच्या रिपिटा आतून पोकळ आहेत, ही कुजबूज म्हणे शिंप्याच्या दुकानात सुरू झाली. रिपिटा म्हणजे लोखंडाला लोखंड जोडणारे ते जाड, गोल डोक्यांचे खिळे. जुना पूल दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं बंद होता. उघडला तेव्हा असा झळकत होता, की घाईघाईने कामाला निघालेली माणसंसुद्धा कठड्याशी रेंगाळली. पण शिंप्याने दातांनी दोरा तोडला आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून म्हणाला, "ज्याने त्या रिपिटा ठोकल्या ना, तो स्वतः पुलावर पाऊल ठेवत नाही. बहिणीकडे होडीने जातो. आता काय ते समजा."

लोकांनी समजायचं तेवढं समजून घेतलं, आणि वर पदरचं थोडं घातलं.

ती बहीण म्हणजे पलीकडच्या काठावरची बटणवाली आक्का. पूल उतरला की पहिलं सलून आणि त्याला खेटून तिचं दुकान: बटणं, दोरे, लेस, चेन. पूल बंद होता तेव्हा ती बिचारी माशा मारत बसली होती. उघडणार म्हटल्यावर तिने हौसेने माल भरला. आता गिऱ्हाइकं पुलाच्या त्या टोकापर्यंत यायची, एकमेकांकडे बघायची आणि घराकडे वळायची. असंच चाललं तर दुकानाला कुलूप घालावं लागणार, हे आक्काला दिसत होतं. आणि हे सगळं सख्ख्या भावाच्या कृपेने!

रिपीटदादा तसा आडदांड. तापलेलं लोखंड त्याच्यापुढे मऊ व्हायचं. पण कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याची पाचावर धारण बसायची. चांभाराने एकदा बूट घट्ट शिवले, तर "मस्त झालेत" म्हणून हा बाबा ते फाटेपर्यंत लंगडत फिरला. असा माणूस काही लपवत असेल, हे आक्काला पटत नव्हतं. पण तो मागच्या गल्लीतून, मागच्या दाराने, टोपी कानांपर्यंत ओढून दुकानात शिरायचा. तिच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली.

"होडीने का येतोस रे?"

"हवा छान लागते, आक्का."

"पुलावरची हवा काय बंद केलीय?"

"गुडघा दुखतो."

"होडीतून उडी मारलीस ती मी पाहिली. चांगला बेडकासारखा उतरलास!"

दादाने चहाच्या कपात तोंड खुपसलं. आक्काने आवाज खाली आणला. "खरं सांग. ठेकेदाराने गप्प बसायला काही दिलं का?"

"आक्का! तुझी शपथ, पूल हत्ती नाचवण्याइतका पक्का आहे."

"मग उद्या तुझ्या दारात येते. दोघं पुलावरून चालत येऊ, सगळ्यांदेखत. नाही आलास, तर लोक बोलतात ते खरं धरीन."

सकाळी पुलाच्या तोंडाशी ही गर्दी. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी सगळ्यांत पुढे. म्हणजे पळायला सोपं जाईल इतकाच पुढे. बहीणभाऊ निघाले. आक्काच्या कानांना पायाखालची प्रत्येक करकर मोठी वाटत होती. ती चोरून भावाकडे बघत होती. पण हा तर खुशीत! लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा रिपिटांवरून हात फिरवत होता. "ही माझी. ही पण माझी. ही जरा तिरकी होती, काढून परत ठोकली."

मागून माणसं हळूहळू पुलावर आली. आक्काच्या जिवात जीव आला.

पलीकडचं टोक दिसू लागलं आणि दादाची चाल मंदावली. त्याने टोपी खाली ओढली, कॉलर वर केली. कपाळ घामाने डबडबलं.

"बघा बघा! कच्ची जागा आली!" शिंपी ओरडला. गर्दी जागच्या जागी थिजली.

आक्काने भावाचं मनगट धरलं. "इथे काय आहे? आत्ता सांग."

"इथे काही नाही."

"मग?"

"पुढे आहे."

"पुढे माझं दुकान आहे, मेल्या! चल." तिने त्याला ओढतच पुलावरून खाली आणलं.

सलूनच्या पायरीवर म्हातारा न्हावी टॉवेल झटकत उभा होता. त्याचा हात थांबला. तो खाली उतरला, दादाची टोपी काढली, कॉलर दुमडली आणि मानेकडे बघत राहिला.

"केसांत ही पायरी कुणी पाडली?"

दादाची बोबडी वळली. "काका, पूल बंद होता... कामाजवळ एक जण बसायचा... त्याच्याकडे..."

"पूल आता उघडा आहे ना?"

"हो, पण त्याला तरी कसं सांगू, उद्यापासून येत नाही म्हणून?"

गर्दीत कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळाच पूल हसला. आक्का तेवढी हसली नाही. ती दुकानाचं दार उघडायला धावली. शिंप्याने आधी पायाखाली बघितलं, मग इकडेतिकडे, आणि काळी बटणं मागितली.

"तुला महाग पडतील," आक्का म्हणाली.

दादा खुर्चीत बसला होता. न्हाव्याने कात्री काढली होती.

पूल पक्काच होता. तो बंद असताना रिपीटदादाने न्हावी बदलला होता, आणि जुन्या न्हाव्याच्या दारावरून जायची त्याला लाज वाटत होती.