राणीसाहेब बसल्या

आमच्या घरात सहा इंचांच्या एक राणीसाहेब आहेत आणि दुपारचं जेवण झालं की त्या आडव्या होतात.

हे वाचून तुम्हाला आमच्या घराविषयी शंका आली असेल तर ती रास्त आहे. मलाही आली होती. पण त्या राणीसाहेब मीच तयार केलेल्या असल्यामुळे मला ती बोलून दाखवता येत नाही. (त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यांचं नाव घेतलं की चार माणसं दारात येतात, आणि चौघांना चहा द्यावा लागतो.)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे मी इंजिनिअरिंगला नेमकं काय शिकतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत मलाही नीट सांगता येत नव्हतं. शेवटच्या वर्षी मात्र मला एक कल्पना सुचली. आपल्या इतिहासातल्या पाच नेत्यांच्या अॅक्शन फिगर काढायच्या. एक राजा, एक राणी, एक सरसेनापती, एक आरमारप्रमुख आणि एक हेरांचा प्रमुख. परदेशातले उडणारे वीर आपल्या पोरांच्या कपाटात उभे असतात, मग आपली माणसं का नकोत? हातापायांना सांधे असलेली, हवी तशी उभी करता येणारी, जपून ठेवायची बाहुली. (बाहुली हा शब्द पेठेत चुकूनही काढायचा नाही, हे मला नंतर समजावण्यात आलं.)

पैसे क्राउडफंडिंगनं उभे करायचे होते. साइटवर वस्तू दाखवायची, आवडली तर लोक आधीच पैसे भरतात. ठरलेल्या दिवसापर्यंत ठरलेली रक्कम जमली तर ती आपल्याला मिळते आणि वस्तू त्यांना. नाही जमली तर ज्याचे त्याला परत.

हे मी वडिलांना, म्हणजे अण्णांना, सांगायला गेलो. अण्णांची पिठाची गिरणी आहे. गिरणीत कुठलीही नाजूक गोष्ट ओरडूनच सांगावी लागते.

"लोक वस्तू हातात यायच्या आधी पैसे देणार?"

"हो."

"वळख न्हाय, पाळख न्हाय, तरीबी?"

"हो."

"आणि न्हाई दिले तर?"

अण्णांनी जात्यात गहू ओतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तर गगनबावडा."

गगनबावड्याला मामांचं पशुखाद्याचं दुकान आहे. मामांना बरेच दिवस एक शिकलेला माणूस हवा होता, जो पेंडीची पोती उचलेल आणि उचलताना तक्रार करणार नाही. तिथं पाऊस असा की मामा दुकानात बसूनही छत्री मांडीवर ठेवतात. फोनला रेंज हवी असेल तर दुकानामागच्या टेकाडावर जावं लागतं, आणि टेकाडावर गेलं की फोन भिजतो. थोडक्यात, ठरलेल्या दिवसापर्यंत रक्कम जमली तर माझा धंदा, नाहीतर माझा मामा.

मी कॉलेजच्या मशीनवर पहिला नमुना काढला. सुरुवात राणीसाहेबांपासून केली. चौदा सांधे बसवले, स्वतःच्या हातानं रंगवलं. उजवा हात वर, हातात तलवार, नजर करारी. घरी आणून टीव्हीवरच्या फळीवर उभं केलं आणि आईला हाक मारली.

आईनं पदरानं हात पुसले, नमस्कार केला आणि बराच वेळ बघत राहिली. माझा ऊर भरून आला.

"हात वरच ऱ्हातो व्हय ह्यांचा?"

"खालीही होतो की. सांधा आहे खांद्यात."

"मग कर की खाली. भरून आला असंल."

मी हसलो. आई हसली नाही. संध्याकाळी बघतो तर राणीसाहेबांचा हात खाली, तलवार बाजूला काढून ठेवलेली, आणि त्या फळीच्या कडेला पाय सोडून बसलेल्या.

इथून आमचं युद्ध सुरू झालं. साइटवर रोज एक फोटो टाकायचा होता, म्हणून सकाळी मी हात वर करायचो, गुडघे ताठ करायचो. दुपारी आई हात खाली करायची, गुडघे वाकवायची आणि जेवणानंतर त्यांना उशीच्या अभ्र्यावर आडवं करायची. वर अण्णांच्या अंगावरचं पीठ घरभर उडायचं, ते रंगावर बसायचं, की ती पदरानं पुसायची. "आई, ते विकायचं आहे," मी म्हणायचो. "मग विकंपर्यंत तरी पडूदेत," ती म्हणायची.

तिकडं साइटवरचा, जमलेली रक्कम दाखवणारा हिरवा पट्टा जागचा हलत नव्हता. माझ्या चार मित्रांनी पैसे भरले होते. पाचवा एक अनोळखी माणूस होता, त्यानं दुसऱ्या दिवशी काढून घेतले. मी दर थोड्या वेळानं फोन बघायचो. उठायचो, दारात जायचो, परत यायचो, बसायचो, पुन्हा उठायचो. "बूड टेकव की जरा," अण्णा म्हणायचे. मला टेकवता येत नव्हतं. डोळे मिटले की पेंडीचा वास यायचा.

अण्णा तसे मनानं फार चांगले. पोराची तगमग त्यांना बघवली नाही. त्यांनी मला न सांगता एक उपाय केला. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "पोरगं इतिहासाचं काम करायलंय, हातभार लावा." लोकांनी लावला. दळणाच्या पैशांबरोबर वर काहीबाही दिलं. अण्णांनी ते एका पत्र्याच्या डब्यात टाकलं, आणि कुणाला वाईट वाटायला नको म्हणून पेठेतल्या तालीम मंडळाचं जुनं पावतीपुस्तक काढून पावत्याही फाडल्या.

एके दिवशी त्यांनी तो डबा माझ्यापुढं ठेवला. मला भरून आलं, आणि लगेच साइटचे नियमही आठवले.

"अण्णा, हे पैसे साइटवर दिसत नाहीत."

"डब्यात दिसत्यात की."

"ज्याचे त्यानं फोनवरून भरायला हवेत. मी माझ्याच नावानं भरले तर साइट मोहीमच बंद करते."

"मग सांग एकेकाला जाऊन."

मी गेलो. पहिल्याच दारात, शेजारच्या शेवंताकाकूंनी फोन पदराखाली लपवला. "फोनवर आकडा आला की कुणाला सांगायचा न्हाई, असं माझ्या पोरानं शपथ घालून सांगितलंय. तू तर घरी येऊन मागायलास." त्यांनी मला चहा दिला, पण फोन दिला नाही. आणि जाताना विचारलं, "मिरवणूक कधी हाय?"

"कसली मिरवणूक?"

"वर्गणी घेतल्यासा न्हवं?"

मी तिथंच उंबऱ्यावर थांबलो. आमच्या पेठेत वर्गणी घेतली की मिरवणूक येते, मिरवणूक आली की प्रसाद येतो, आणि या सगळ्याच्या आधी अध्यक्ष येतो.

अध्यक्ष त्याच संध्याकाळी आले. बापू म्हणजे आमच्या तालीम मंडळाचे अध्यक्ष. एके काळी कुस्ती करायचे, त्यामुळे ते दारातून आत आले की खोलीत उजेड कमी होतो.

"पेठेतनं वर्गणी गोळा झाली, आणि मंडळाला पत्ता न्हाई?"

"बापू, हा धंदा आहे," मी चाचरत म्हणालो. "लोकांना एकेक फिगर घरपोच..."

"पावती फाडलीस का न्हाई?"

"अण्णांनी फाडली."

"मग धंदा न्हवं त्यो. उत्सव हाय."

गिरणीतच बैठक झाली. बापू अध्यक्ष, अण्णा खजिनदार. मला माझ्याच धंद्यात सदस्य करून घेतलं, तेही अण्णांनी शब्द टाकला म्हणून. मिरवणुकीला रविवार ठरला. तोच माझ्या मोहिमेचा शेवटचा दिवस. मी नाही म्हणू शकलो असतो, पण बापूंना नाही म्हटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिवाय मनात एक चोरटी आशा होती. एवढी गर्दी जमणार, तर फोनवरून साइटवर थेट दाखवावं. कुणी सांगावं, पट्टा हलेल.

रविवारी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ट्रॉलीवर झेंडूच्या माळा आणि पुरुषभर उंच मखर. मागं बॅनर, त्यावर बापूंचा दहा फुटी फोटो, त्याखाली सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो. सगळ्यात लहान माझा, बारावीच्या हॉल तिकिटावरचा. आणि मखरात मधोमध सहा इंचांच्या राणीसाहेब, तलवार वर.

"मूर्ती कुठाय?" गर्दीतून एकजण ओरडला.

"ती काय, नारळाच्या मागं."

नारळ बाजूला केला. बापूंनी हार घातला. हार घातल्यावर राणीसाहेब दिसेनाशा झाल्या. हार काढून शेवंतीचं एक फूल ठेवलं, तर त्या फुलाला टेकून उभ्या राहिल्यासारख्या वाटू लागल्या. बाया-पोरं टाचा उंच करून बघत होती. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातून भिंग काढलं, मग त्या भिंगासाठीच रांग लागली.

मी फोन स्टँडवर लावला, थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि देवाचं नाव घेतलं. ट्रॅक्टर सुरू झाला. साउंडचे बॉक्स सुरू झाले. ट्रॉली अशी थरथरायला लागली की माझे दात वाजू लागले.

आणि मला आठवलं, की गेले कित्येक दिवस तो खांदा रोज सकाळी वर आणि रोज दुपारी खाली होत होता. तसेच गुडघे.

राणीसाहेबांचा हात खाली यायला लागला.

घाईनं नाही. सावकाश, राजघराण्याला शोभेल असा. तलवार खांद्याशी आली, कमरेशी आली, मग सुटून झेंडूत पडली. मग गुडघे वाकले. मग कंबर वाकली. आणि अख्ख्या पेठेसमोर, थेट प्रक्षेपणात, राणीसाहेब खाली बसल्या.

बापूंनी शिट्टी मारली. साउंड बंद. ट्रॅक्टर बंद.

"बसल्या," कुणीतरी हळूच म्हणालं.

बापू माझ्याकडे वळले. "ह्ये तू केलंस?"

"नाही बापू. म्हणजे, सांधा..." मला सांधा झिजण्याची कारणं चांगली पाच मार्कांची येतात. त्या क्षणी एकही आठवलं नाही. एवढंच कळलं, की आता गगनबावड्यालाही मी धडधाकट पोचणार नाही. मी धावत वर चढलो आणि राणीसाहेबांना उभं करायला हात पुढं केला.

त्या हातावर एक सणसणीत फटका बसला. आई माझ्या मागोमाग ट्रॉलीवर चढली होती.

"हात लावू नगंस."

"आई, सगळे बघतायत."

"बघूद्यात. बसल्यात तर बसूद्यात." मग ती खाली गर्दीकडं वळली. आईला मी चार माणसांत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. "लढाया केल्या, राज्य सांभाळलं, लेकरू वाढवलं. तुम्ही चौकात बी उभंच केलं आणि ट्रॉलीत बी उभंच केलं. बस म्हणून कुणी म्हटलं का बाईला कधी?"

पुरुषांच्या बाजूला काहीजण आपापल्या चपलांकडं बघू लागले. बायकांच्या बाजूनं शेवंताकाकूंचा आवाज आला, "खरं हाय की."

बापूंनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "वैनींचं बराबर हाय," ते म्हणाले. "खुर्ची आणा रं."

कार्यकर्त्यांनी खरंच प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती राणीसाहेबांशेजारी ठेवल्यावर चूक लक्षात आली. शेवटी शेवंताकाकूंनी आपला पानाचा डबा वर दिला. त्यावर राणीसाहेबांना बसवलं, आणि साउंड न लावता, ट्रॅक्टर न चालवता, माणसांनी ट्रॉली ढकलत मिरवणूक पुढं नेली.

फोन स्टँडवर तसाच चालू होता. तो तुकडा पेठेतून पुण्याला गेला, पुण्यातून बंगळूरला, जिथं जिथं कोल्हापूरचं माणूस आहे तिथं तिथं. संध्याकाळी एका बाईंनी साइटवर लिहिलं, "माझ्या आईसाठी एक. बसणारी पाहिजे." मग दुसरीनं, मग दहाजणींनी. एकानं विचारलं, सोबत पानाचा डबा मिळेल का? आम्ही डब्यातल्या पैशांचा प्रसाद, म्हणजे मसालेभात, जेवून उठेपर्यंत हिरवा पट्टा टोकाला लागला होता. राजा, सरसेनापती, आरमार, हेर, कुणालाही मागणी नव्हती. आणि तलवारीबद्दल एकीनं लिहिलं होतं, "नसली तरी चालेल."

मी अण्णांना फोन दाखवला. अण्णांनी पट्टा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग गगनबावडा न्हाई."

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या ठामपणे मी काहीच म्हटलं नव्हतं.

मग काम सुरू झालं आणि लक्षात आलं की गिरणीशेजारी रंगकाम होत नाही. ओल्या रंगावर पीठ बसतं. साऱ्या राणीसाहेब आजारी दिसायला लागल्या. कोरडी, रिकामी, बिनभाड्याची जागा आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात एकच होती. पेंड भिजू नये म्हणून पक्कं बांधलेलं मामांचं गोदाम.

"आलास का?" मामा एवढंच म्हणाले.

आता मी गगनबावड्यात असतो. सकाळी मामांची पोती उचलतो, दुपारी राणीसाहेबांचे गुडघे बसवतो. गेल्या रविवारी आई बघायला आली. सोबत जेवणाच्या पिशवीत घरच्या राणीसाहेब, हवापालट म्हणून. तिनं त्यांना पेंडीच्या पोत्याला टेकवून बसवलं, हात खाली केला, पाय पसरून दिले. सकाळपासून उभं राहून माझे पाय बधिर झाले होते. मीही शेजारच्या पोत्यावर बूड टेकलं. कितीतरी दिवसांनी.

आईनं माझ्याकडं बघितलं.

"एवढी खोकी भरायची पडल्यात, आणि तू बसलायस व्हय?"

मी उठलो. आमच्या घरात बसायचं असेल तर माणसानं एकतर राज्य सांभाळलेलं असावं लागतं, नाहीतर सहा इंचांचं असावं लागतं. मी दोन्हींत नापास.