फ्राऊ ब्रांड्टना काय हवं होतं

कमलाबाई सुरवाडे कुणावर पटकन विश्वास ठेवत नसत. सरकारी पत्र आलं की तीनदा वाचायच्या, शेजारणीने दिलेला केकही आधी हुंगायच्या. नवरा गेल्यावर भुसावळहून त्या कार्ल्सरूहेला लेकीकडे, धम्मदीपाकडे आल्या. तिथे नात वाढवली, कामापुरतं जर्मन शिकल्या.

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्रांड्ट दर मंगळवारी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत भेटत. चार वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलणं नव्हतं. एकदा चादरीची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "फ्राऊ सुरवाडे, मदुराईचं देऊळ बघायचंय. याल माझ्यासोबत?"

कमलाबाई घरी येऊन लेकीला म्हणाल्या, "हिला माझ्याकडून नक्की काय हवंय?"

"सोबत हवी असेल, आई."

"चार वर्षांत नव्हती लागली ती?"

तरी त्या गेल्या. गेल्या त्या मुळात छडा लावायलाच. मदुराईत त्यांनी हॉटेलची कडी दोनदा तपासली, बाटलीचं सील बघितलं, आणि रात्री पासपोर्ट उशीखाली ठेवला. फ्राऊ ब्रांड्ट रंगीत गोपुरांकडे मान वर करून बघत होत्या. कमलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

देवळात गाभाऱ्याकडच्या दाराशी पाटी होती: फक्त हिंदूंना प्रवेश. रखवालदाराने फ्राऊ ब्रांड्टना अडवलं आणि कमलाबाईंना 'जा' अशी खूण केली. कमलाबाईंना वाटलं, आता कळलं! ही मला आत पाठवणार, काहीतरी आणायला सांगणार.

"जा तुम्ही. मी बसते इथे," फ्राऊ ब्रांड्ट म्हणाल्या. बाकी काहीच नाही.

कमलाबाई दोन पावलं गेल्या आणि मागे फिरल्या. "मीही हिंदू नाही. आम्ही बौद्ध."

"मग इतक्या लांब कशाला आलात?"

"तुम्ही मला का आणलंत, ते बघायला."

फ्राऊ ब्रांड्ट मोठ्याने हसल्या. मग दोघी देवळातल्या तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. "माझा नवरा गेल्यापासून," त्या म्हणाल्या, "जो भेटतो तो कशी आहेस, झोप लागते का विचारतो. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुमच्याजवळ मला बरं वाटायचं."

आपण विचारलं, तर ती आपल्यालाही विचारेल, एवढ्याच धास्तीने कमलाबाईंनी कधी विचारलं नव्हतं. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"तुमचे काय करायचे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ट्राम चालवायचा. आणि तुमचे?"

"रेल्वेत फिटर. नामदेव नाव." किती वर्षांनी परक्या माणसापुढे ते नाव तोंडातून निघालं होतं. पुढचं सांगायला जर्मन पुरेना, म्हणून त्या सरळ मराठीतच बोलू लागल्या. फ्राऊ ब्रांड्टना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण देवळाचे लोक उठवायला येईपर्यंत त्या मान हलवत ऐकत राहिल्या.