पासष्टावं बाइट

चेक देशातल्या ब्र्नो शहरात, चिपा बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत सगळेच घरच्या सपाता घालून वावरायचे, पण पावलांवरून ओळखू यायची ती एकटी रादका होमोलोव्हा. धपधप! बोलणंही तसंच. तीन वर्षं तिने एकच काम धरून ठेवलं होतं. केबलमधून डेटाच्या पॅकेटांचा कितीही मोठा लोंढा येवो, चिपच्या दारात एकही हरवता कामा नये. त्या दाराला मॅक म्हणतात, आणि या दाराची रचना रादकाची.

आज गिऱ्हाईक आलं होतं, टेसारेकसाहेब. चौसष्ट बाइटांची, सगळ्यांत लहान पॅकेटं पूर्ण वेगात सोडली. गळती शून्य.

"छान," साहेबांनी कोट उचलला. "पण एवढं बाजारातलं तयार डिझाइनही करतं. मग तेच घेतो ना."

म्हणजे रादकाची तीन वर्षं कपाटात! ती उठलीच. "पासष्ट लावा."

तिचा वरिष्ठ, बोहुश, तिच्या कानाशी आला. "वेड लागलंय का? पासष्टचा भाग कालच तर चाचणीच्या बोर्डावर चढवलाय!"

"मग आज चालवू."

"आणि पडलो तर?"

"तर सांग, या बाईला मी ओळखतच नाही."

चिपच्या आत पॅकेटं चौसष्ट बाइटांच्या डब्यांतून पुढे सरकतात. पासष्टचं पॅकेट आलं की एक बाइट पुढच्या डब्यात सांडतं. बहुतेक जण त्या एकट्या बाइटासाठी उरलेला अख्खा डबा रिकामा नेतात आणि मागे सगळं तुंबतं. रादका त्याच डब्यात पुढचं पॅकेट बसवायची. हे जमवण्यात तिचा अख्खा हिवाळा गेला होता.

लोंढा सुटला. बोहुशने डोळे मिटून घेतले.

"उघड रे," रादका म्हणाली. "शून्य आहे."

साहेब पडद्याजवळ सरकले. बराच वेळ बघत राहिले. शून्य हललं नाही.

"तयार डिझाइन इथेच गळत होतं," ते हळूच म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं? आणि बोलला नाहीत?"

"आजवर पासष्ट लावा असं कुणी आपणहून म्हटलंच नाही हो, बाई! सगळे चौसष्टवर टाळ्या घेतात आणि चहा पाजतात." त्यांनी कोट खुर्चीवर टाकला. "सहासष्ट लावू?"

"लावा की! सदुसष्ट लावा, हजार लावा. तुम्ही दमाल, माझं दार नाही दमायचं."

साहेब संध्याकाळपर्यंत लावत राहिले. निघताना त्यांनी हात पुढे केला, तोही बोहुशला ओलांडून, थेट रादकाकडे.