परागावरचे कोळी

काचेच्या बशीचं झाकण उघडण्याआधी मामा तोंडाला गमजा बांधायचे. शेजारी कुणी उभं असलं, तर त्यालाही दटावायचे, "दम धरा जरा, उडून जातेत ती."

उडून जाणारे ते म्हणजे कोळी. तुम्हाला घराच्या कोपऱ्यातलं जाळं आठवेल, पण हे कोळी वेगळे. हे पिकाच्या पानामागे राहतात आणि सुईच्या टोकाएवढे असतात. परभणीच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.साठी ते वाढवत होते. मामा तिथे कंत्राटी मदतनीस होते, रोज पिंगळीहून रेल्वेने यायचे. दर सहा महिन्यांनी आमच्या सरांची सही झाली की त्यांची मुदत वाढायची.

लाल कोळी वांग्याच्या पानाचा रस शोषतो. त्याला खाणारा दुसरा एक कोळी असतो. तो वाढवून शेतकऱ्यांना द्यायचा, असा आमचा बेत. तो कोणत्या खाण्यावर आणि किती गरमीत लवकर वाढतो, किती अंडी घालतो, हे मला पाहायचं होतं. निम्म्या बश्यांत लाल कोळ्यांची अंडी, निम्म्यांत नुसते एरंडाचे पराग. काही बश्या थंड कपाटात, काही गरम.

"म्हंजे यांला मटन आन् त्यांला कोरडी भाकर," मामा म्हणाले. मी हसले आणि विषय सोडून दिला.

रोज सकाळी मी मोजणी करायची, दुपारी मामा खाणं घालायचे. त्यांचा हात इतका हलका होता की बारीक कुंचल्याने उचललेला कोळी एकदाही मेला नाही. मी मात्र पहिल्या महिन्यात डझनावारी मारले.

निकाल बघून मी हरखले. गरम कपाटातले परागावरचे कोळीसुद्धा भरपूर अंडी घालत होते! म्हणजे शेतकऱ्यांना ते नुसत्या परागावर, स्वस्तात घरीच वाढवता येणार होते. सर इतके खूश झाले की शेतकरी मेळाव्यात हे सांगायचं ठरलं. मी तक्ते रंगवायला घेतले.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मामा टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, ते परागाचं उद्या लोकांला सांगायलात का?"

"हो. का?"

"नका सांगू. मी त्यांला रोज चार-दोन अंडी टाकायलो व्हतो. गरमीत जीव सुकायलेत, आन् नुसत्या पिठावर कुनी लेकरं जनतंय का?"

सकाळपर्यंत ती लाल कोळ्यांची अंडी फस्त व्हायची, म्हणून मला कधी ती दिसलीच नव्हती.

"गप बसला असतात तर कुणाला कळलं असतं?" मी चिडून म्हणाले.

"माजं बी वांगं हाय. लोकं पराग टाकून वाट बघत बसतील आन् पीक जाईल. मुदतीचं काय व्हायचं ते व्हईल."

परागाचे तक्ते बाजूला ठेवून मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चूक कोणाची?"

"मामांची," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. देखरेख माझी होती, हेही खोटं नव्हतं, पण ते मी बोलले नाही. त्या खेपेला मामांच्या मुदतवाढीवर सरांची सही झाली नाही.

सगळा प्रयोग मी पुन्हा केला. या खेपेला गरम कपाटातल्या परागवाल्यांनी मोजकीच अंडी घातली आणि लवकर मान टाकली. प्रबंध मंजूर झाला. त्यानंतर एकदा पिंगळीला गेले. मामा वांग्याची पानं उलटून पाहत होते.

"नुसत्या परागावरच्यांचं काय झालं वो?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"अंडी कमीच घातली, मामा."

"मग आता खरं लिवलं ना?"

"लिहिलं."

"लय बेस झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. माझ्या ओटीत त्यांनी पाच-सहा वांगी घातली. मी माफी मागायला गेले होते. वांगी घेऊन परत आले.