आठच द्या

फ्लोअरवर तिला सगळे शंभरी म्हणायचे. त्या लांबलचक हॉलमध्ये खुर्चीला खुर्ची चिकटवून माणसं दिवसभर फोनवर बोलायची, आणि महिनाअखेरीला गुणांची यादी लागली की सगळ्यात वर तिचे शंभरातले शंभर. शेजारच्या खुर्चीवरची मैना, जिचा आवाज खरोखरच साखरेत घोळलेला होता, तिला दर वेळी म्हणायची, "भरली गं बाई तुझी शंभरी." दोघी हसायच्या. मग पुढचा फोन वाजायचा आणि हसू तिथेच गिळावं लागायचं.

काम असं होतं. दूरच्या थंड मुलखांत घरोघरी पाणी तापवायचे बॉयलर बसवणारी एक मोठी कंपनी. बॉयलर बंद पडला की तिथली इंग्रजी बोलणारी माणसं कुडकुडत फोन लावायची, आणि तो फोन इथे, हिच्या उजव्या कानात वाजायचा. कुठला खटका दाबा, कुठली चावी किती फिरवा, काटा कुठे येऊ द्या, हे ही सांगायची. नळाला गरम पाणी आलं की पलीकडचा माणूस लहान पोरासारखा खूश व्हायचा.

फोन संपला की यंत्र गिऱ्हाइकाला विचारायचं, दहापैकी किती गुण द्याल, आणि दोन शब्द बोला. इथेच सगळी मेख होती. नऊ किंवा दहा मिळाले तरच गुण. आठ मिळाले तर शून्य. शाळेत पोरीला शंभरात ऐंशी पडले तर आया गल्लीभर सांगत फिरतात. इथे दहात आठ पडले तर खाली मान घालून बसायचं. म्हणून जो तो फोनच्या शेवटी गिऱ्हाइकाच्या विनवण्या करायचा, की साहेब, दहाच द्या, मॅडम, तेवढे दहा द्या. हिला विनवणी करावी लागत नव्हती. माणसाचं बोलणं तोडायचं नाही आणि येत नसेल ते येतं म्हणायचं नाही, एवढंच ती करायची. त्यावर माणसं वेडी व्हायची.

आणि वेडी झालेली इंग्रजी माणसं काय बोलतात, ते समोरच्या मोठ्या पडद्यावर झळकायचं. अमेझिंग. ब्रिलियंट. फॅन्टॅस्टिक. एकाने सांगितलं, ही बाई म्हणजे देवदूत आहे. एक म्हणाला, माझ्याकडे शब्दच नाहीत, आणि पुढे पडदा भरेपर्यंत बोलला. काही मुलखांतली माणसं कंजूस. त्यांच्या तोंडून 'नॉट बॅड' आलं की समजायचं, गडी पार विरघळला. तर काही मुलखांतल्यांना ऑसम हा शब्द नुसतं 'थांबा, चावी बघतो' म्हणतानाही लागायचा.

जेवणाच्या सुट्टीत ही आणि मैना त्याची मजा करायच्या. आपल्याकडे माणूस भारावला तर फार तर तोंडात बोट घालतो. यांच्या बोलण्यात नुसता हाहाकार. कोणी वाऱ्याने उडून जातो, कोणी जमिनीवर आडवा होतो, कोणाचा जबडा खाली पडतो, कोणाच्या पायातले मोजे उडतात, कोणाच्या डोक्याचा स्फोट होतो. शंभरी म्हणायची, "एवढी पडझड होते, पण एकालाही साधं खरचटत नाही बघ."

खरचटलं होतं तिला. उजव्या कानात शिट्टी सुरू झाली होती. आधी फक्त कामावरून घरी गेल्यावर, मग सकाळी उठल्याउठल्या, मग कायमची. एकदा धाकटी लेक उजव्या बाजूला बसून शाळेतलं काहीतरी सांगत होती, आणि ही मान डोलवत राहिली. पोर शेवटी उठून समोर आली आणि म्हणाली, "आई, मी कधीची थांबलेय. तू कशाला हो हो म्हणतेयस?" त्या दिवशी शंभरी घाबरली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा बराचसा गेला आहे, आता परत यायचा नाही. डाव्यालाही सुरुवात आहे. फोनचं काम सोडा, नाहीतर तोही जाईल. काम सोडा म्हणणं सोपं. नवरा इमारतींना काचा बसवायचा, त्याचं काम एक महिना हातात तर दोन महिने हवेत. घराचा गाडा हिच्याच कानावर चालला होता.

पण हॉलच्या मागे एक खोली होती. तिथे पत्रांना टाइप करून उत्तरं द्यायचं काम चालायचं. फोन नाही, शिट्टी नाही, नुसती बटणांची टकटक. फ्लोअरवर त्या खोलीला स्मशान म्हणायचे, कारण ज्यांचे गुण घसरायचे त्यांना शिक्षा म्हणून तिथे टाकत. शंभरीला ते स्मशान हवं होतं.

ती टीमच्या मॅडमकडे गेली. मॅडम वयाने लहान, स्वभावाने वाईट नव्हत्या. वरून दाब आला की तो खाली पोचवायचा, एवढंच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी डॉक्टरांचा कागद वाचला, चुकचुकल्या, आणि म्हणाल्या, "अगं, पण तुला कशी सोडू? गिऱ्हाइकं तुझ्यावर फिदा आहेत. तू गेलीस तर टीमचा आकडा बसेल." मग जरा विचार करून त्यांनी तोडगा काढला. "असं कर ना, हेडसेट डाव्या कानाला लाव."

म्हणजे एक घागर फुटली, तर दुसरी घेऊन त्याच दगडावर आपट. शंभरीच्या ओठावर उत्तर आलं होतं. पण पगार ज्याच्या हातात त्याच्यापुढे जीभ आवरावी लागते, आणि ती आवरून आवरून माणसाचे दात झिजतात. ती परत खुर्चीवर येऊन बसली.

मैना म्हणाली, यात काय अवघड आहे, वाईट काम कर. गुण पडले की तुझी आपोआप रवानगी. सल्ला शहाण्याचा होता. शंभरीने दुसऱ्या दिवसापासून तो अमलात आणायला घेतला. आवाज कोरडा ठेवायचा, विचारलं तेवढंच सांगायचं, जीव लावायचा नाही. पहिला फोन एका म्हाताऱ्याचा. ती कागदावरचं वाचल्यासारखी बोलली, त्याने यंत्राला सहा गुण दिले आणि तिला हायसं वाटलं. पुढच्या फोनवर एक बाई होती, मागे तान्हं मूल रडत होतं, घरात थंडी. शंभरीने ठरवल्याप्रमाणे कोरडं बोलायला सुरुवात केली. मग बाईने चुकीची चावी फिरवली आणि हिला राहवलं नाही. "थांबा, आधी बाळाला पांघरुणात घ्या, मी आहे फोनवर." झालं. दहा गुण आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत अमेझिंग.

मैनाने कपाळावर हात मारून घेतला. "तुला नापासही धड होता येत नाही."

खरंच येत नव्हतं. चांगलं काम करायची खोड अशी वाईट. आणि ती खोड तिचीच होती, कंपनीची नव्हती. कंपनीने फक्त त्या खोडीला कुंपण घातलं होतं.

मग एका दुपारी तिने वेगळंच केलं. फोन एका एकट्या राहणाऱ्या आजींचा होता. बॉयलर चालू व्हायला बराच वेळ लागला, कारण आजींना वाकता येत नव्हतं, दर खटक्याला खुर्ची सरकवावी लागत होती. शेवटी पाणी तापलं. आजींनी नळाखाली हात धरला आणि त्यांचा आवाजच बदलला. त्या म्हणाल्या, पोरी, तू नक्षत्र आहेस, मी थक्क झाले, आता ते यंत्र विचारील तेव्हा तुला किती देऊ सांग.

शंभरीने आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आठच द्या."

"का गं? मला तर दहाहून जास्त द्यायचे आहेत."

"माझ्यावर खरंच खूश असाल तर आठच द्या. आणि कौतुकाचे शब्द बोलू नका. बरं होतं, एवढंच म्हणा."

सगळ्या आयुष्यात त्या बाईला फोनवर दहा मागणारेच भेटले होते. कमी मागणारी ही पहिली. का मागते, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते आपोआप कळलं होतं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. त्यांनी दहा दिले. यंत्रापाशी वेळ संपेपर्यंत बोलल्या. तेवढ्याने मन भरेना म्हणून मोठ्या कंपनीला पत्र धाडलं: आजच्या जगात इतकी विनम्र मुलगी असू शकते यावर माझा विश्वास बसत नाही, तिने मला कायमचं बदलून टाकलं.

पत्र कंपनीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. ज्याने वाचलं तो उडून गेला, आडवा झाला, त्याचे मोजे उडाले. आणि शेवटी कंपनीच्या एक मोठ्या बाईसाहेब स्वतः विमानाने शंभरीला बघायला आल्या.

त्या दिवशी फोन थोडा वेळ बंद ठेवले होते. हॉलमध्ये सगळे उभे, मधे बाईसाहेब, त्यांच्या हातात काचेत बसवलेला शंभरीचा फोटो. बाईसाहेब इंग्रजीत बोलल्या आणि मनापासून बोलल्या. इथे येऊन माझा अहंकार गळून पडला, म्हणाल्या. मी भारावून गेले आहे. ही गोष्ट मी माझ्या मुलांना सांगितली आणि ती रडली. फोटो हातात देऊन त्यांनी शंभरीला दोन शब्द बोलायला सांगितलं. मॅडमनी मागून हळूच सुचवलं, "थँक यू म्हण आणि हस."

शंभरीने थँक यू म्हटलं. हसली नाही. मग त्यांच्याच इंग्रजीत, सावकाश, चावी कशी फिरवायची ते सांगावं तसं तिने सांगितलं. माझा उजवा कान या फोनने गेला. आता डावा चालला आहे. इथे ज्याचे गुण पडतात त्याला मागच्या खोलीत टाइप करायला बसवतात, आणि मला तिथे बसायचं आहे. सरळ मागितलं तर मिळालं नाही, म्हणून मी त्या आजींकडे आठ मागितले. मी विनम्र नाही. मला ती खोली द्या.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईसाहेबांनी छातीवर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले, त्यात खोटं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, हे धैर्य, हा प्रामाणिकपणा, मी आयुष्यात असं काही ऐकलं नाही. इन्स्पायरिंग. आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत शंभरी उभी राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे खोली मिळाली का? हो की नाही?"

बाईसाहेब गोड हसल्या. म्हणाल्या, फारच सुंदर प्रश्न आहे. असे निर्णय इथली टीम घेते, मी ढवळाढवळ करणं बरं नव्हे. पण तुझ्यासाठी आमच्याकडचा सगळ्यात भारी हेडसेट पाठवते. आणि दोन्ही हातांनी तिचा हात दाबून त्या गाडीकडे निघाल्या, कारण विमानाची वेळ झाली होती.

दार लागल्यावर मॅडम तिच्यापाशी आल्या. शंभरीला वाटलं आता आग बरसणार, आणि बरसली असती तर बरं झालं असतं. रागाच्या भरात का होईना, मागच्या खोलीत ढकललं असतं. पण मॅडमना रागवायचीही सोय उरली नव्हती. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "आता तर मला तुला हलवताच येणार नाही. तुझा असाच एक फोटो तिकडे त्यांच्या भिंतीवर लागलाय. उद्या कोणी विचारलं, ती कुठेय, तर मी काय सांगू, शिक्षेच्या खोलीत?"

पुढच्या ओळीतला कोणीतरी म्हणाला, चला, फोन सुरू झाले. शंभरी खुर्चीवर बसली. उजव्या कानाची शिट्टी टाळ्यांनी जास्तच चढली होती, त्यातून पलीकडचा शब्द उमटेना. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग हेडसेट फिरवून डाव्या कानाला लावला आणि विचारलं, "हं, बोला, मी ऐकतेय."

मैनाने ते पाहिलं. मग तिचाही फोन वाजला.

संध्याकाळी घरी सासू दारातच बसली होती. या बाईने आयुष्यात कोणाचं कौतुक केलेलं घरात कोणाला आठवत नव्हतं. जेवण फार आवडलं तर ती 'चाललं' म्हणायची. तिने काचेतला फोटो हातात घेतला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"आणि कानाचं?" तिने विचारलं. "बोललीस ना?"

"बोलले, आई. सगळ्यांसमोर बोलले."

"त्या मोठ्या बाईने ऐकलं?"

"अगदी मन लावून ऐकलं."

"मग?"

शंभरीने चपला काढून कडेला ठेवल्या. "आवडलं त्यांना," ती म्हणाली. "खूपच आवडलं."