कॉम्प्युटरच्या क्लासला गेलेला संघ

मागच्या महिन्यात कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक पुष्पगुच्छ, ज्यात फुलांपेक्षा चकचकीत कागदच जास्त होता. तीन वक्ते बोलले. तिघांनीही सांगितलं, की बाईंनी मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ शून्यातून उभा केला, तो शिस्तीच्या आणि निष्ठेच्या पायावर. मी पदर सारखा करून खुर्चीत बसले होते. शेजारी बसलेली नात कानाशी लागून म्हणाली, "आजी, हसू नकोस, फोटो काढतायत." हसू येणारच की. पाया कशाचा होता ते मला ठाऊक होतं. तो खोट्याचा होता, आणि घातलाही मीच होता.

तेव्हाची मी आज दारात आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. पस्तिशीची बाई. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टी भाजीबाजारातही गळ्यातच. एकदा मेथी घ्यायला वाकले तर ती जुडीत अडकली. भाजीवाली शांतपणे सोडवत म्हणाली, "बाई, तुम्ही ट्रॅफिक पोलीस का?" मला राग आला. थोडं बरंही वाटलं, हे आज कबूल करते.

खेळ मला किती येत होता म्हणाल, तर दहा दिवसांचं एक शिबिर आणि एक इंग्रजी पुस्तक. त्यातली चित्रं समजली होती. सॉफ्टबॉल म्हणजे नऊ जणी, एक जाड बॅट, हातात चामड्याचे मोठाले मोजे. बॉल टाकणारी हात खालून गर्रकन फिरवते आणि मांडीजवळून बॉल सोडते. तिला पिचर म्हणतात. पिचर चांगली असली की निम्मा सामना जिंकलेला असतो, एवढं मला चित्रांवरून कळलं होतं आणि ते बरोबर होतं.

मुली मिळायला अडचण नव्हती. अडचण त्यांच्या घरच्यांची होती, असं मी धरून चालले होते. कॉलेजात जाणारी, लग्नाला आलेली मुलगी ट्रॅक पँट घालून मैदानात पळणार, जमिनीवर घसरत जाऊन बेसची खूण गाठणार, आणि हे आईबाप चालू देणार? शक्य नाही. विचारायचंच कशाला? त्या काळात जळगावात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. तिथे नेमकं काय शिकवतात ते आईबापांना कळत नव्हतं, म्हणून त्यांचा त्यावर फार विश्वास होता. मी मुलींना सांगितलं, घरी सांगा, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास लावलाय.

हे एकदा ठरल्यावर मी अशी कामाला लागले की बास. पिंप्राळ्यातलं माझं दोन खोल्यांचं घर म्हणजे कपडे बदलायची जागा. मुली सलवार-कमीजमध्ये यायच्या, आतल्या खोलीत शिरायच्या, ट्रॅक पँट घालून बाहेर पडायच्या. सराव झाला की परत तोच खेळ, उलटा. त्या पँट मीच धुवायची, कारण घरी नेल्या तर लाल माती दिसली असती. शेजारच्या अक्कांनी एकदा दोरीकडे बघून विचारलं, "मॅडम, घरात माणसं तीन आन् विजारी अकरा?" मी म्हटलं, धुवायच्या ऑर्डरी घेते. दुसऱ्या दिवशी अक्का दोन चादरी घेऊन आल्या. धुतल्या. काय करणार?

खोटं बोलायचाही मी सराव घ्यायची. मैदानाला दोन फेऱ्या मारून झाल्या की मुलींना गोल बसवायची आणि विचारायची, "आज काय शिकलीस?" मुलगी म्हणायची, "फाइल सेव्ह करायला." "अजून?" "फ्लॉपी." "आणि त्यांनी फारच खोदून विचारलं तर?" सगळ्या एका सुरात, "लाइट गेली होती." लाइट गेली म्हटल्यावर जळगावात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. आम्ही खूप हसायचो. मला वाटायचं, मुली मोकळ्या होतायत.

या सगळ्यांत एक सावद्याची होती. केळीची शेती असलेल्या घरातली, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी, शनिवारी एसटीने घरी जाणारी. बोलायची कमी. हात मात्र असा फिरायचा की बॉल सुटला कधी ते समोरच्या मुलीला कळायचंच नाही. तिचा बॉल झेलणारी तक्रार करायची, "मॅडम, हिला हळू टाकायला सांगा, तळहात सुजलाय." मी म्हणायची, "सूज उतरेल, बक्षीस राहील." अशी वाक्यं मी तेव्हा फार बोलायची.

हसताना एवढीच एक मुलगी हसायची नाही. एकदा तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, नाना रोज विचारतात, आज काय शिकली. त्यांना खरंच ऐकायचं असतं." वडिलांना ती नाना म्हणायची. मी म्हटलं, "मग की-बोर्डचं सांग थोडं." आणि शिट्टी वाजवली.

डिसेंबरात धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाल्या. दोन दिवस मुक्काम, म्हणून घरोघर सांगायचं ठरलं की कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल परीक्षा धुळ्याला आहे. आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात सावद्याच्या मुलीने शेवटच्या तिघींना बॅट बॉलला लावू दिली नाही. धुळ्याच्या त्या मैदानात धूळ इतकी उडाली होती की मिठ्या मारून आम्ही सगळ्या एकसारख्या पिवळट झालो. तिथेच फोटो काढला. मध्ये मी, हातात कप. मुली दोन्ही बाजूंना.

आणि मग मी जे केलं ते माझ्याइतकी हुशार बाईच करू शकते. जळगावला उतरल्यावर घरी न जाता थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. फोटो दिला. छापताना नावं चुकू नयेत म्हणून स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, कागदावर लिहून दिली. प्रत्येकीचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, आणि पुढे गाव. आपल्याकडे पूर्ण नाव असंच लिहितात. वर्षभर ज्या बापांपासून लपवलं, त्या सगळ्या बापांची नावं मी फोटोखाली ओळीने छापून आणली. मला त्यात काही चुकलं असं दोन दिवस वाटलंसुद्धा नाही. मी कात्रण फ्रेमला द्यायच्या नादात होते.

तीन घरी बोलणी बसली. एका मुलीची आई माझ्या दारात येऊन हसून गेली, म्हणाली, मला महिन्याभरापासून माहीत होतं, कॉम्प्युटर शिकून कुणाचे गुडघे फुटत नाहीत. सावद्याची मुलगी सोमवारी दिसली नाही. वसतिगृहात गेले तर तिची खाट मोकळी. नाना पहिल्या एसटीने येऊन ट्रंकेसकट घेऊन गेले होते. ती दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षा तीन महिन्यांवर. आता तिचं कॉलेज सुटणार हे उघड होतं.

त्या मोकळ्या खाटेपाशी उभी राहून मी काय विचार केला? विद्यापीठाच्या संघाची निवड बारा दिवसांवर आहे आणि माझी पिचर गेली. कॉलेजचं सुचलं ते संध्याकाळी, भाकरी थापताना.

बुधवारी मी सावद्याला गेले. बसमध्ये भाषण तयार केलं: मुलींची प्रगती, बदलता काळ, आईवडिलांचं कर्तव्य. उतरल्यावर घर विचारत गेले. केळीचे घड भरायला लागलेल्या ट्रकजवळच्या माणसांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकाने बोट दाखवलं, "ते निळं दार." फोटोतली बाई त्यांनी ओळखली असावी.

नाना ओट्यावर होते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, पांढरा सदरा. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. खोलीच्या कोपऱ्यात एक नवंकोरं टेबल होतं, सागवानी, पॉलिशचा वास अजून येणारं. वर क्रोशाचं कापड आणि त्यावर काहीच नाही. मी ते बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"कॉम्प्युटरसाठी केलंय," नाना म्हणाले. "पोर म्हने शिकते, तं म्हटलं घरी घेऊ यंदा. सुतारानं मापं इचारली. पोरीनं सांगितली."

मी भाषण गिळलं. तरी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमची मुलगी फार गुणी आहे हो."

"माले येक सांगा मॅडम. माह्या पोरीनं काय चोरी केली व्हती का?"

"नाही हो."

"मंग लपवलं काहून?"

मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणाला असतात.

"म्हटलंबी असतं. पन इचारलं कोनी?" ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. "सकायी गाडी भरत व्हतो. येकानं पेपर आनला. म्हने, नाना, पोरीनं नाव काढलं. मी म्हटलं, ती माही न्हाई. माही पोर कॉम्प्युटर शिकते, खेयत न्हाई. त्यानं बोट ठेवून दाखवलं, खाली माहं नाव छापेल व्हतं. चार लोकायसमोर मी म्हटलं, माही पोर न्हाई ती."

मुलगी चहा घेऊन आली होती. दारातच थांबली. मी घाईघाईने म्हटलं, "तिची चूक नाही. हे सगळं मी शिकवलं तिला."

"शिकवलं तुम्ही," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "बोलले मी."

चहा खूप गोड होता. मी तो सगळा प्यायले आणि मग विचारलं, वर्षभर आधी विचारायला हवं होतं ते. तिला परत पाठवाल का? नानांनी टेबलावरचं कापड सारखं केलं. म्हणाले, "परीक्षेले आनीन मी सोता. खेयाचं जूनमधी पाहू. या तवा. घरी या आन् इचारा."

विद्यापीठाच्या निवडीला आम्ही तिच्याशिवाय गेलो आणि आमची एकही मुलगी निवडली गेली नाही. परीक्षेला ते तिला मोटरसायकलवर घेऊन आले, सातही पेपर झाडाखाली थांबले. मी लांबून नमस्कार केला. त्यांनीही केला.

जूनमध्ये मी गेले. शिट्टी घरी ठेवून गेले, तेवढी अक्कल आली होती. या वेळी टेबलावर खरोखरच कॉम्प्युटर होता, रुमालाखाली झाकलेला. मी नीट, पायरीपायरीने सांगितलं: सराव कुठे, किती वेळ, कपडे कोणते, सामने कोणत्या गावी, मुक्कामाला सोबत कोण. नानांनी मधूनमधून प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. लागलं तर दवाखान्यात कोण नेणार, पाळीच्या दिवसांत सुट्टी देता का. हे दुसरं त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, पण विचारलं. शेवटी म्हणाले, "ठीक हाये. माही ना न्हाई." आणि आत हाक मारली, "ये माय, मॅडम आल्यात. झालं तुह्यं काम."

ती आली. मी तिला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, मला नाही खेळायचं."

मी म्हटलं, अगं, नाना हो म्हणतायत.

"ऐकलं मी. खेळ आवडतो मला. पण उन्हाळ्यात शेतात एकदा सहज बॉल टाकून बघितला. हातात घेतला की पहिलं मनात येतं, आता घरी काय सांगायचं. मग हातच फिरत नाही."

नाना म्हणाले, "अवं, मी तं हो म्हटलंय."

"तुम्ही म्हटलं, नाना. आता मला कॉम्प्युटर शिकायचाय. खराखुरा."

 मी तिच्या बापाला विचारायला दीड वर्ष घेतलं होतं. तिला काय हवंय हे मी कधीच विचारलं नव्हतं, खेळायला लावतानाही नाही. तिचा हात फिरतो हे पाहिलं आणि मोजा हातात दिला.

त्यानंतर पद्धत बदलली. आधी मुलीला विचारायचं, मग तिच्या घरी जायचं, आणि घरून होकार येईस्तोवर मुलीच्या हातात बॉल द्यायचा नाही. चोपड्याकडे गेले, धुळ्याच्या बाजूच्या खेड्यांत गेले. एका घरी मुलीच्या आजीने बॅट उलटसुलट करून पाहिली. "हाऊ मारामारीना खेळ शे का?" मी म्हटलं, नाही हो आजी. "मंग हातमा लाकूड कसाले?" तिला बॉल टाकून दाखवावा लागला, अंगणात, साडी खोचून. बॉल गोठ्यात गेला. आजी म्हणाली, पोरीला पाठवते, पण हे तुम्ही शिकवू नका.

दोन वर्षं आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, कधी कधी तर नऊ जणी पुऱ्या होत नव्हत्या. प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, ते क्लासचं बरं होतं की." त्यांनाही सगळं माहीत होतं तर. मी म्हटलं, सर, त्या क्लासनेच माझी पिचर नेली. ते हसले, त्यांना गंमत वाटली असावी.

तिसऱ्या वर्षी नऊ झाल्या, चौथ्या वर्षी चौदा. पुढे कप आले, विद्यापीठाच्या संघात दर वर्षी आमच्या दोन-तीन मुली असायच्या, आणि सामन्यांना त्यांचे आईबाप डबे घेऊन येऊन बसायचे, चुकीच्या वेळी टाळ्या वाजवायचे. तिच्यासारखा हात फिरणारी मात्र परत मिळाली नाही. शोधली नाही असं नाही.