मधला खडा

आईच्या कानातल्या कुड्या म्हणजे सात हिऱ्यांचं एकेक फूल. भोवती सहा बारीक, मधे एक जरा मोठा. तिच्या लग्नात तिच्या आईने स्वतःच्या कानातून काढून तिच्या कानात घातलेल्या. त्यांतल्या डाव्या कुडीचा मधला हिरा मी घालवला, आणि तोही ज्ञानाच्या जोरावर.

नव्वदीच्या सुरुवातीला मी देवासच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात लागलो होतो. आलेला माल मोजायचा, भिंगाखाली बघायचा, पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा. वर्षभरात तो शिक्का माझ्या स्वभावावरच उमटला. धारला आईकडे गेलो की पोळीचा घेरसुद्धा नजरेने मोजायचो. कारखान्यात सुटे भाग धुवायचं एक यंत्र होतं, गरम द्रावणात लहरी सोडून कानाकोपऱ्यातला मळ काढणारं. आईच्या कुड्या मळलेल्या दिसल्या तेव्हा मी म्हणालो, "दे, अशा धुऊन आणतो की तुझ्या सोनाराने जन्मात बघितल्या नसतील."

तेवढं मात्र खरं ठरलं. जुन्या कुडीत हिऱ्याखाली लाख भरलेली असते आणि ती गरम पाण्यात मऊ पडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. द्रावण गटारात सोडून दिल्यावर कुड्या बाहेर काढल्या, तर डावीच्या मधोमध नुसता खळगा.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने खळग्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मळ मात्र छान निघाला." घरात ती कुड्या तशाच घालायची. कुणी विचारलं तर "पडला कुठेतरी" सांगायची, माझं नाव कधी घेतलं नाही. लग्नकार्याला जाताना मात्र त्या डब्यात जायच्या आणि कानांत साधे मोती यायचे. बारा-तेरा वर्षं प्रत्येक लग्नात मी ते मोती बघत होतो. तिला पंचाहत्तरावं लागलं तेव्हा मी ठरवलं, आता तो खळगा भरायचाच.

तोवर इंटरनेट आलं होतं. देवासच्या सायबर कॅफेत बसून मी पहिल्यांदा इंग्रजीत 'डायमंड कुडी' असं टाइप केलं आणि पडद्यावर नटलेल्या पंजाबी मुलींची रांग उभी राहिली. कॅफेवाला मागून वाकून म्हणाला, "भिया, इस उमर में? घर पे पता है?" त्याला कुडी म्हणजे कानातलं हे पटवताना माझेच कान लाल झाले.

मग मात्र मी अभ्यासाला लागलो. घडण, रंग, स्वच्छता आणि वजन, ही हिऱ्याची चार गणितं. रंगाच्या इयत्ता 'डी'पासून सुरू होतात. ए, बी, सी त्या शाळेत नाहीतच. वजन सेंटमध्ये. "वीस सेंटचा घेतोय," असं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, वीस बाटल्या कशाला? आईंना वास सोसत नाही."

सहा महिने मी प्रमाणपत्रं वाचली. हिऱ्यांच्या एका साइटवरच्या विक्रेत्याला फोन करून हैराण केलं. प्रमाणपत्राचा नंबर हिऱ्याच्या कडेवर कोरलाय का, मोठा करून काढलेला फोटो याच हिऱ्याचा की दुसऱ्याचा, पसंत पडला नाही तर परत घेणार का. शेवटी पांढराशुभ्र, भिंगाखालीही निर्मळ, अव्वल घडणीचा हिरा निवडला. माप अर्थातच उजव्या कुडीवरून घेतलेलं, केसाइतकाही फरक नाही. धारच्या सोनाराने तो बसवला. आईने कुड्या घातल्या, आरशात डावीकडे वळून बघितलं, उजवीकडे वळून बघितलं.

"चांगलाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "एका कानात ट्यूबलाइट, एका कानात समई."

पुढच्या आठवड्यात नात्यात एक साखरपुडा होता. आई मोती घालून आली.

जन्मभर दुसऱ्यांना 'नमुन्याशी जुळत नाही' म्हणून माल परत पाठवणारा मी. हिरा निवडताना नमुना बघायचं विसरलो होतो. माप घेतलं तेवढंच. रंगाकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

"मग उजवी कुडी देवासला घेऊन जातो, नीट बघतो," मी म्हणालो.

"कुडी धार सोडणार नाही," आई म्हणाली. "काय बघायचं ते इथे बघ."

म्हणून सकाळच्या उजेडात तिला ओसरीवर बसवलं आणि भिंग घेऊन तिच्या उजव्या कानाशी वाकलो. कानामागे पांढरा कागद धरला, म्हणजे रंग कळतो. लहानपणानंतर मी तिच्या इतक्या जवळ गेलो नव्हतो. कुडीच्या वजनाने कानाची पाळी ओघळली होती. केसांना शिकेकाईचा वास होता. हिऱ्याचा रंग ताकाच्या निवळीसारखा, घडण जुनी, हातची, आणि कडेला आत एक काळा ठिपका.

"काय दिसतंय?"

"तीळ आहे एक."

"आहेच. माझी आई म्हणायची, नजर लागू नये म्हणून देवाने लावलाय." मग हळूच म्हणाली, "डाव्यात नव्हता."

मी भिंग पुसायच्या निमित्ताने मान वळवली.

त्याच दुपारी विक्रेत्याला फोन लावला. "वैसा ही साइज, लेकिन ज़रा पीला चाहिए."

"फैन्सी यलो, सर? बहुत बढ़िया चॉइस."

"फैन्सी नहीं, भाई. पुराना. थका हुआ."

मग तो म्हणाला, "सर, छह महीने आपने एक-एक दाग़ के लिए मुझे सताया है." मी सगळी हकीकत सांगितली, यंत्रासकट. तो हसला नाही. मोडीत आलेल्या जुन्या दागिन्यांतले हिरे ते साइटवर टाकतच नाहीत, म्हणाला, पण शोधतो. त्याने पांढऱ्या कागदावर उपडे ठेवलेल्या पाच हिऱ्यांचे फोटो पाठवले. कॅफेच्या पडद्यावर पिवळ्याचं हिरवट दिसायचं, म्हणून पाचही मागवून धारच्या ओसरीवर आईच्या कानाशी धरून बघितले. चौथा जुळला. बाकीचे परत गेले.

आधीचा पांढरा हिरा आईने सुनेला चमकीसाठी दिला. "म्हणजे माझ्या नाकाला रिजेक्ट माल," बायको म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी चमकी करायला टाकून आली.

सोनाराने नवा खडा लाखेत बसवला. आईने दुकानातच, डावी-उजवी न बघता, कुड्या घातल्या. मी भिंग काढलं, दोन्ही कान तपासले आणि ऐटीत म्हणालो, "आई, खरं सांगायचं तर नवा अजून थोडा ओळखू येतो. हा बघ."

सोनार खाकरला. "भिया, वो तो पुराना वाला है. उसमें तिल नहीं दिखा?"

आई तोंडाला पदर लावून हसत राहिली.

रिक्षा बोलावली तर ती बसेना. बाजारातून चालत जाऊ म्हणाली. गुडघे दुखत होते तरी रमतगमत चालली. घराच्या वळणापर्यंत ओळखीची एकही बाई भेटली नाही. ती थांबली, मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "कोथिंबीर राहिली वाटतं."

कोथिंबीर पिशवीत होती, मीच घेतली होती. "हो, राहिली," मी म्हणालो, आणि आम्ही परत बाजाराकडे वळलो.